ऑब्लिक होल्डरची घरी केलेली फ्लँज: निब पुन्हा पुन्हा सैल का होते?

ऑब्लिक होल्डर म्हणजे सुलेखनात वापरायचा, निब तिरकी धरणारा टाक. त्याच्या दांड्याला बाजूने जोडलेला आणि निब धरणारा छोटासा पत्रा म्हणजे फ्लँज. नवी फ्लँज पहिल्या दिवशी निब घट्ट धरते. काही बैठका झाल्या की जाड रेघ ओढताना निब किंचित सरकायला लागते, मग डुलते, आणि एक दिवस टाक दौतीतून वर येतो पण निब आतच राहते. तोवर आपण पक्कडीने फ्लँज कितीतरी वेळा दाबलेली असते. दाबली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पुढच्या बैठकीला पुन्हा तेच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: सैल निबवर पक्कड हा उपाय नाही, बहुतेक वेळा तोच रोग वाढवतो. का, ते पुढे येईलच. हे सगळं पितळी पत्रा हाताने कापून-वळवून केलेल्या फ्लँजबद्दल आहे. सरळ होल्डरच्या आत बसणाऱ्या पत्र्याच्या पकडीलाही यातलं बरंच लागू पडतं.

आधी नेमकं काय हलतंय ते बघा

"निब सैल आहे" या एका तक्रारीत चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. निब पुढे-मागे सरकते, किंवा स्वतःच्या लांबीभोवती डावी-उजवी लोळते, किंवा टोकाकडून वर-खाली होते. चौथी शक्यता म्हणजे निब फ्लँजमध्ये पक्की आहे, पण फ्लँजच दांड्याच्या खाचेत हलते आहे. या चौघींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे अंदाजाने काही वाकवायच्या आधी दोन खुणा करा.

निब बसवून झाली की बारीक परमनंट मार्करने एक रेघ अशी काढा की ती निबच्या पाठीवरून फ्लँजवर जाईल. दुसरी रेघ फ्लँजवरून लाकडी दांड्यावर जाऊ द्या. मग नेहमीच्या दाबाने पानभर जाड-बारीक रेघा गिरवा आणि खुणा तपासा. पहिली रेघ तुटून पुढे-मागे झाली असेल तर पकड कमी आहे. आडवी सरकली असेल तर कंस जुळत नाही. दुसरी रेघ तुटली असेल तर फ्लँजला हात लावू नका, लाकडाकडे बघा. आणि दोन्ही रेघा जागेवर असूनही हाताला निब डुलल्यासारखी वाटत असेल, तर ते प्रकरण वेगळंच आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कंस जुळत नाही: दहातली बहुतेक प्रकरणं इथेच सापडतात

निबचं बूड सपाट नसतं, ते नळीच्या तुकड्यासारखं वळलेलं असतं. फ्लँजची बाहेरची भिंत त्या बुडाच्या पाठीवर बसते आणि आतली जीभ पोटाकडून त्याला वर रेटते. या दोघींच्या मधल्या फटीत निब सरकते. भिंतीचा कंस आणि निबचा कंस एकमेकांना किती जुळतात यावर सगळं ठरतं.

ते बघायची सोपी युक्ती आहे. निबचं बूड पाठीकडून आणि पोटाकडून मार्करने काळं करा, पूर्ण वाळू द्या, फ्लँजमध्ये घाला आणि जराशी हलवून बाहेर काढा. जिथे घासलं गेलंय तिथे धातूला धातू लागतोय. (काही जण निब मेणबत्तीवर धरून काजळी लावतात. ते टाळा. निबचं पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून लवचिक केलेलं असतं, जास्त तापलं की ती लवचिकता जाते.)

आता खूण वाचा. घासल्याची खूण फक्त पाठीच्या मधोमध, एका उभ्या रेषेत असेल तर फ्लँजचा कंस निबपेक्षा उथळ आहे. निब त्या एका रेषेवर तोललेली आहे, म्हणून लोळणारच. खूण फक्त दोन्ही कडांना असेल तर फ्लँजचा कंस निबपेक्षा खोल आहे. हे तितकं वाईट नाही, प्रमाणात असेल तर उलट चांगलंच. खूण फक्त फ्लँजच्या तोंडाशी असेल आणि मागे काहीच नसेल, तर भिंत फनेलसारखी मागे रुंदावली आहे. अशी निब टोकाकडून वर-खाली होते.

आता पक्कडीचं बघू. साध्या पक्कडीचे जबडे सपाट असतात. गोल भिंत सपाट जबड्यांमध्ये दाबली की फट कमी होते हे खरं, पण कंसही उथळ होतो. म्हणजे निब घट्ट तर होते, पण मधल्या एकाच रेषेवर. थोडं लिहून झालं की तिथला पत्रा किंचित मागे येतो आणि निब आधीपेक्षा जास्त लोळते. पुन्हा दाबलं की आणखी उथळ. शिवाय दरवेळी वाकण्याची जागा तीच असते. तिथलं पितळ प्रत्येक वाकवण्याबरोबर कडक आणि ठिसूळ होत जातं आणि शेवटी तिथेच चिरतं.

फ्लँजने निबला तीन ठिकाणी धरावं, असं माझं मत आहे: बाहेरच्या भिंतीने दोन्ही कडांशी आणि आतल्या जिभेने पोटाच्या मधोमध. तिवई उंचसखल जमिनीवरही डुलत नाही ती याच कारणाने. म्हणून भिंतीचा कंस निबपेक्षा अगदी थोडा खोल हवा, तंतोतंत तेवढाच नको. तंतोतंत करायला गेलं की हातकामात तो कुठे ना कुठे उथळच राहतो.

निबचा कंस मोजायला ड्रिल बिट उत्तम. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने वाढत जाणाऱ्या संचातला एकेक बिट घ्या, त्याचा मागचा गुळगुळीत भाग निबच्या पोटात धरा आणि उजेडाकडे बघा. मध्ये उजेड दिसला तर बिट मोठा, कडांना दिसला तर लहान. जो नीट बसेल तो पोटाचा व्यास. त्यात निबच्या पत्र्याच्या जाडीची दुप्पट मिळवा, म्हणजे पाठीचा व्यास मिळतो. भिंत त्याहून जरा लहान व्यासाची करायची.

तेवढ्याच व्यासाच्या रॉडवर पत्रा वळवून मात्र तेवढा व्यास मिळत नाही, कारण हात काढला की पितळ थोडं उघडतं. किती उघडेल हे पत्र्याच्या कडकपणावर आणि जाडीवर अवलंबून असतं, म्हणून कुठल्याही तक्त्यावर विसंबू नका. त्याच पत्र्याची एक फालतू पट्टी पाच मिलिमीटरच्या रॉडवर वळवा, सोडा आणि आतला व्यास मोजा. समजा तो साडेपाच आला, तर तुम्हाला कळलं की हा पत्रा साधारण दहा टक्के उघडतो. त्या हिशेबाने लहान रॉड घ्या. ही पाच मिनिटांची चाचणी न केल्यामुळे जेवढ्या फ्लँज वाया जातात, तेवढ्या दुसऱ्या कशाने जात नसतील.

वळवताना पक्कडीऐवजी जाड रबराचा तुकडा वापरा. रबरावर पत्रा ठेवा, त्यावर रॉड ठेवा आणि वरून दाबा. पत्रा रॉडला सगळीकडून सारखा लपेटला जातो आणि जबड्यांचे ओरखडेही पडत नाहीत.

आधीच तयार असलेली फ्लँज दुरुस्त करायची असेल तरी नियम तोच. आत योग्य व्यासाचा रॉड असल्याशिवाय बाहेरून दाब द्यायचा नाही. रॉड घाला, लाकडाच्या तुकड्याने भिंतीच्या दोन्ही बाजू रॉडवर टेकवा, रॉड काढा, मार्करची चाचणी पुन्हा करा. जीभ वर उचलायची असेल तर ती लाकडी काडीने उचला, धातूच्या टोकदार हत्याराने नको.

निबच्या बुडाला पक्कड लावून ते फ्लँजला जुळवून घेण्याचा मोह मात्र अजिबात नको. बुडाचा कंस बदलला की पुढच्या दोन पात्यांमधली (निबच्या टोकाच्या दोन भागांमधली) चीर बदलते. ती जास्त मिटते किंवा उघडी राहते, आणि मग शाई उतरत नाही किंवा भळाभळा उतरते. नशीब वाईट असेल तर निब तडकतेच.

एक फ्लँज, दहा निब

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण प्रकार सर्रास चालतो. निक्को जी किंवा झेब्रा जी या निबचं बूड गिलॉट ३०३ किंवा लिओनार्ट प्रिन्सिपलपेक्षा रुंद असतं. लहान निबसाठी केलेल्या फ्लँजमध्ये निक्को जी किंवा झेब्रा जी रेटून घातली की भिंत कायमची उघडते, आणि त्यानंतर लहान निब तिच्यात उभी राहत नाही. दोष फ्लँजचा नाही. दोन आकारांना दोन होल्डर ठेवा. गिलॉट ६५९ किंवा हंट १०२ अशा पूर्ण नळीच्या बुडाच्या निबचा तर विचारही या फ्लँजमध्ये करू नका, त्यांना आतून भरणारी खुंटी लागते.

पितळ नरम राहिलं

कंस जुळतो, खुणा बरोबर ठिकाणी आहेत, तरी निब काही दिवसांत पुढे सरकते, असं असेल तर धातूचा ताठपणा तपासा. नखाने आतली जीभ केसभर उचला आणि सोडा. ती परत जागेवर आली तर पितळात लवचिकता आहे. जिथे नेली तिथेच राहिली तर पत्रा नरम आहे. नरम पत्रा निबला धरत नाही, निब त्याला जसा ढकलेल तसा तो होतो. त्याला कितीही दाबा, तो दाब साठवून ठेवू शकत नाही.

पत्रा नरम होण्याची दोन कारणं सहसा असतात. एक, वळवताना तडकू नये म्हणून तो आधी गॅसच्या ज्योतीवर लाल केलेला असतो. दोन, नंतर चांदीच्या डागाने (डाग म्हणजे धातू जोडायला वितळवतात तो मिश्रधातू) एखादा तुकडा जोडलेला असतो. चांदीचा डाग वितळायला साधारण सहाशे अंशांच्या वर ताव लागतो आणि तेवढ्यात इतका लहान पत्रा पूर्ण नरम पडतो. जोड द्यायचाच असेल तर कथलाचा डाग बघा. कथील आणि तांब्याचा शिसंविरहित डाग २२७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्याने पितळाचा ताठपणा जात नाही.

इथे एक गैरसमज हमखास भेटतो: लाल पितळ पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. पोलादाचं तसं होतं, पितळाचं नाही. पितळ लाल करून पाण्यात टाका नाहीतर हवेत गार होऊ द्या, ते नरमच राहणार. पाण्याने फक्त वेळ वाचतो आणि वरची काळी खपली थोडी सुटते. पितळ कडक होतं ते ठोकल्याने, वाकवल्याने, लाटल्याने, म्हणजे गार अवस्थेत त्याचा आकार बदलल्याने. तापवून कडकपणा परत आणता येत नाही.

मग पत्रा मुळात तापवावा का? याचं उत्तर वळणाच्या त्रिज्येत आहे. पत्रा वळला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते. हा ताण काढायला पत्र्याची जाडी घ्या आणि तिला आतला व्यास अधिक जाडी या बेरजेने भागा. ०.५ मिमी जाडीचा पत्रा ५ मिमी व्यासाला वळवला तर ताण सुमारे ९ टक्के येतो. अर्धकडक (गार लाटून थोडं कडक केलेलं) पितळ हे सहज सोसतं, तापवायची काहीच गरज नाही. पण तोच पत्रा दुमडून जीभ जवळजवळ भिंतीला चिकटवली, आतल्या वळणाचा व्यास समजा ०.६ मिमी राहिला, तर ताण ४५ टक्क्यांवर जातो. तिथे अर्धकडक पत्रा तडकणारच. म्हणजे भिंतीला ताठ पत्रा हवा आणि घडीला नरम. एकाच तुकड्यात दोन्ही मागण्या आल्या की लोक सगळाच तुकडा लाल करून मोकळे होतात, आणि सैल निबची बी तिथेच पेरली जाते.

यातून माझ्या मते सगळ्यात शहाणी वाट म्हणजे घडीच टाळायची. पत्र्याच्या टोकाला लांबीच्या दिशेने दोन समांतर काप द्या, म्हणजे तीन पट्ट्या होतात. सगळं टोक रॉडवर वळवा आणि मग फक्त मधली पट्टी आत ढकला. कडेच्या दोन पट्ट्या निबच्या पाठीवरून जातात, मधली पोटाखालून. तीव्र घडी कुठेच नाही, पत्रा तापवायला नको, आणि तीन ठिकाणी टेकण्याची वर सांगितलेली अटही आपोआप पूर्ण होते. काप जिथे संपतो तिथे आधी एक मिलिमीटरचं भोक पाडून घ्या आणि काप त्या भोकात संपवा. कापाचं टोकदार टोक उघडं ठेवलं तर चीर तिथूनच पुढे धावते.

नरम झालेली फ्लँज वाचवायची असेल तर ती रॉडवर चढवा आणि गुळगुळीत तोंडाच्या लहान हातोडीने भिंतीवर हलके, एकमेकांना लागून ठोके द्या, मधून दोन्ही कडांकडे. ठोक्यांनी पत्रा किंचित पातळ आणि रुंद होतो, त्यामुळे कंस थोडा उघडतो. शेवटी लहान रॉडवर पुन्हा बसवावा लागतो. नखाची चाचणी मधून मधून करत राहा. जोरात ठोकून काम लवकर होत नाही, फक्त खड्डे पडतात.

जाडीबद्दल एक गोष्ट. ०.४ ते ०.५ मिमी ही कामाची जाडी. हा फरक दिसायला क्षुल्लक आहे, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ०.५ चा पत्रा ०.४ च्या जवळजवळ दुप्पट ताठ असतो. ०.३ चा पत्रा वळवायला सुखाचा, पण जाड रेघेच्या दाबाखाली तोच वाकतो. गेजच्या (पत्र्याच्या जाडीच्या क्रमांकाच्या) आकड्यावर मात्र जाऊ नका. २६ गेज म्हणजे अमेरिकी मापात ०.४०५ मिमी आणि ब्रिटिश मापात ०.४५७ मिमी. व्हर्नियर लावा आणि मिलिमीटरमध्ये बोला.

तापवायचंच असेल तर मंद उजेडात तापवा आणि जेमतेम अंधुक लाली दिसली की थांबा. उन्हात किंवा लख्ख दिव्याखाली ती लाली दिसतच नाही आणि पत्रा जास्त तापतो. पितळातलं जस्त फार तापलं की पांढऱ्या धुरासारखं बाहेर पडतं आणि तो धूर छातीत जाणं चांगलं नाही. खिडकी उघडी ठेवा. पत्र्यावर चमक टिकवायला वॉर्निशचा पातळ थर असेल तर तो आधी उतरवा.

वळवताना चिरतं, किंवा वळवल्यावर आठवड्यांनी चिरतं

वळवतानाच तडा गेला तर तीन ठिकाणी बघा. पहिलं, पत्रा लाटल्याच्या बारीक समांतर रेघा. वळणाची रेषा त्या रेघांना आडवी छेदणारी हवी. समांतर असेल तर तडा लवकर जातो. रेघा दिसत नसतील तर दोन दिशांनी दोन लहान पट्ट्या कापा, दोन्ही सारख्या दुमडा, आणि बाहेरच्या बाजूला भिंगातून बघा. एकीवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा दिसेल. ती दिशा सोडा. दुसरं, कापलेल्या कडा. कात्रीने कापल्यावर कडेला जी बारीक धार राहते ती कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने पूर्ण काढायची, आणि ती वळवण्याआधी. तिसरं, पितळाची जात. घड्याळाच्या भागांसाठी किंवा कोरीव कामासाठी जे पितळ विकतात त्यात दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. ते कापायला, भोकं पाडायला लोण्यासारखं, पण वाकवायला वाईट. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेला पत्रा मिळाला तर उत्तम, त्रेसष्ट-सदतीसही चालतो.

दुसरा प्रकार जास्त गूढ वाटतो. फ्लँज नीट वळली, आठवडे चालली, काहीही जोर न लावता एका सकाळी वळणावर लांबट चीर दिसते, आणि निब अर्थातच सैल. याचं कारण बऱ्याचदा निब पुसायच्या द्रावणात असतं. काच पुसायच्या अनेक द्रावणांमध्ये अमोनिया असतो. वाळलेली शाई त्याने झटकन निघते, म्हणून ती सुलेखनाच्या टेबलावर येतात. गार अवस्थेत वळवलेल्या पितळात ताण अडकून राहिलेला असतो, आणि असा ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ आपणहून चिरतं. हा शोध काही नवा नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असताना चिरायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि काडतुसं घडवताना पितळात राहिलेला ताण अशी तिहेरी गाठ त्यामागे होती. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला.

तेव्हाचा उपाय आजही चालतो: घडवून झाल्यावर पितळ कमी तावावर ठेवून अडकलेला ताण सोडवायचा. पूर्ण तयार झालेली फ्लँज, दांड्यात बसवण्याआधी, २६० अंशांच्या आसपास तासभर ठेवली की ताण बराच उतरतो आणि ताठपणा मात्र राहतो. तापमान काबूत ठेवणारी भट्टी नसेल तर ज्योतीवर हा प्रयोग करू नका, अंदाज चुकून फ्लँज नरमच होईल. मग सोपं ते करा: अमोनियाचं द्रावण टेबलावरून हटवा. साधं पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण आणि कोरडं फडकं पुरतं.

लाकडातली खाच

दुसरी खूण तुटली असेल तर खाच फ्लँजपेक्षा रुंद झाली आहे. शाई धुताना दांडा पाण्यात बुडवला की लाकूड फुगतं, वाळलं की आकसतं, आणि खाचेच्या कडा दरवेळी थोड्या झिजतात. नुसता डिंक तिथे टिकत नाही, कारण गुळगुळीत पितळाला तो धरत नाही. फ्लँजचा आत जाणारा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करा, त्यात दोन बारीक भोकं पाडा आणि दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद भरून बसवा. इपॉक्सी भोकांतून आरपार जाऊन दोन्ही बाजूंना धरतं. ज्यांना फ्लँज बदलती ठेवायची आहे त्यांनी दांड्यातून आरपार एक पातळ पितळी पिन घालावी. माझी पसंती पिनेला, कारण फ्लँज कधीतरी बदलावी लागतेच.

काहीच सैल नाही, तरी सैल वाटते

दोन्ही खुणा जागेवर आहेत, पण जाड रेघेत टोक फिरल्यासारखं वाटतं. तेव्हा दांडा डोळ्यासमोर धरा आणि एक डोळा मिटून दांड्याच्या मध्यरेषेतून पुढे बघा. निबचं टोक त्या रेषेच्या वाढीव टोकावर यायला हवं. ते बाहेर पडत असेल तर टोकावरचा दाब संपूर्ण दांडा बोटांमध्ये फिरवू बघतो. फिरतो तो दांडा, आपल्याला वाटतं निब फिरली. उपाय फ्लँज आवळण्यात नाही. निब आत-बाहेर सरकवून टोक रेषेवर आणा, तेवढ्याने भागत नसेल तर फ्लँजची लांबी किंवा कोन बदला.

दुसरी शक्यता पात्यांवर असमान दाबाची. कॉपरप्लेट या लेखनशैलीत अक्षरांचा कल सहसा ५५ अंशांचा धरतात, स्पेन्सेरियन शैलीत ५२. निबची चीर त्या कलाच्या दिशेने असेल आणि दोन्ही पाती कागदावर सारखी टेकत असतील तर ती सरळ उघडतात. एक पातं जास्त दाबलं जात असेल तर प्रत्येक जाड रेघ निबला त्या बाजूला लोळवते, आणि चांगली फ्लँजसुद्धा हळूहळू हार मानते. रेघेकडे बघून कळतं: जाड रेघेची एक कड स्वच्छ आणि दुसरी दातेरी असेल तर निब कलती बसली आहे. फ्लँज दांड्याच्या जवळ, मुळाशी, अगदी किंचित पिळायची आणि पुन्हा रेघ ओढून बघायची. दोन्ही कडा स्वच्छ येईपर्यंत.

शाईचं थोडंसं

गम अरेबिक (बाभळीच्या जातीचा डिंक) घातलेली शाई फटीत वाळून बसली की ती पाचर होते. निब तिच्या जोरावर घट्ट राहते, आणि ज्या दिवशी आपण फ्लँज मन लावून धुतो त्या दिवशी "अचानक" सैल होते. फट मुळात मोठीच होती, शाईने ती झाकली होती. आयर्न गॉल शाई (लोहक्षार आणि मायफळ यांची शाई) आम्लधर्मी असते. ती पितळही हळूहळू खाते, आणि ओल्या पितळाला टेकलेलं निबचं पोलाद तर आणखी लवकर गंजतं. लिहून झालं की निब बाहेर काढा, निब आणि फ्लँज दोन्ही कोरड्या करा. निब फ्लँजमध्येच ठेवून उठायची सवय असेल तर आधी ती मोडा, मग कंस मोजायला बसा.

चिरलेली फ्लँज मात्र टाकून देऊ नका. ती लाल करून नरम करा, लाकडावर मोगरीने सपाट करा आणि जाड कागदावर तिची बाहेरची कड उतरवून घ्या. कुठे कमी पडलं, कुठे जास्त झालं ते त्या कागदावर लिहा. पुढचा पत्रा कापायला तोच नमुना घ्या, फक्त चीर गेली होती तिथे वळणाचा व्यास मोठा ठेवा.